मुलांच्या अंगातील चरबी मोजताना: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

शाळांच्या आरोग्य तपासणीत किंवा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात नव्याने रुजू झालेल्या आहारतज्ज्ञाला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. आई मुलाचे वजन पाहते, काट्यावरचा आकडा दोनदा वाचते आणि म्हणते, "हा जाड झाला आहे, की नुसता अंगाने भरला आहे?" प्रश्न अत्यंत योग्य आहे आणि काट्याला त्याचे उत्तर ठाऊक नाही. काटा हाडे, स्नायू, पाणी, चरबी, सकाळी खाल्लेली पोय (गोव्याचा पाव) आणि खिशातली किल्ली या सर्वांची बेरीज दाखवतो. त्या बेरजेतली चरबी वेगळी काढण्यासाठी जी साधने आपल्या हाताशी असतात ती कशी वापरावीत आणि त्यांच्या आकड्यांवर कितपत विसंबावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

एक मत सुरुवातीलाच नोंदवते. जिवंत मुलाच्या शरीरातील चरबी थेट मोजणारे कोणतेही साधन नाही. आपण त्वचेच्या घडीची जाडी, विजेला होणारा अडथळा किंवा शरीराचे आकारमान मोजतो आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतो. म्हणून नवशिक्याने यंत्राच्या किमतीपेक्षा स्वतःच्या हाताची खात्री अधिक करावी. तीन हजारांच्या टेप आणि कॅलिपरने (घडीची जाडी मोजणाऱ्या चिमट्याने) शिस्तीत घेतलेले माप हे लाखाच्या यंत्रावर घाईत घेतलेल्या मापापेक्षा मला नेहमीच जास्त उपयोगी पडले आहे.

मोजण्याआधी

मोजमाप कशासाठी घ्यायचे ते आधी ठरवावे. शंभर मुलांमधून पुढील तपासणीची गरज असलेली मुले शोधायची असतील तर उंची, वजन आणि कंबरेचा घेर पुरतो. तेथे कॅलिपर बाहेर काढण्याचे कारण नाही. एखाद्या मुलाचा आहार आणि खेळ यांत बदल करून सहा-आठ महिने त्याचा पाठपुरावा करायचा असेल, तर मात्र चरबीचे माप घ्यावे, कारण वाढत्या वयात वजन एकटे फसवते. त्याचे उदाहरण पुढे दिले आहे.

पालकांची लेखी संमती आणि मुलाची तोंडी संमती, दोन्ही घ्याव्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, त्यामुळे नोंदी मोबाइलवर किंवा संगणकावर ठेवणाऱ्यांनी ही बाब हलक्यात घेऊ नये. मोजमाप पडद्याआड किंवा स्वतंत्र खोलीत व्हावे, मुलींची मापे स्त्रीनेच घ्यावीत आणि खोलीत दुसरी प्रौढ व्यक्ती उपस्थित असावी. कोठे स्पर्श होणार आहे ते मुलाला आधी सांगावे आणि कॅलिपर प्रथम त्याच्याच बोटावर लावून दाखवावा, म्हणजे चिमट्याची भीती जाते.

खोलीचा आग्रह मी उगाच धरत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शाळेच्या सभागृहात आम्ही वजने घेत होतो आणि नोंदवहीवाला दूर बसला असल्याने मी आकडे मोठ्याने सांगत होते. आठवीतल्या एका मुलीचा आकडा ऐकून मागच्या रांगेत हशा पिकला. सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा ती मुलगी त्या दिवशी शाळेतच आली नाही, आणि पुढच्या खेपेसही नाही. तेव्हापासून आकडा मी स्वतःच लिहिते आणि कागद उलटा ठेवते.

उंची आणि वजन

चरबीचे प्रत्येक गणित शेवटी या दोन मापांवर उभे राहते, तरी सर्वाधिक हलगर्जी यांतच होते. काटा सपाट, टणक फरशीवर ठेवावा. सतरंजीवर किंवा जुन्या इमारतीतल्या लाकडी तक्तपोशीवर ठेवलेला काटा चुकीचे वजन दाखवतो. दर तपासणीपूर्वी ज्ञात वजनाची वस्तू ठेवून तो पडताळावा. दुकानातून आणलेली पाच-पाच किलोंची प्रमाणित वजने या कामाला उत्तम. मुलाने बूट, पट्टा, ओळखपत्र आणि खिशातल्या वस्तू काढाव्यात. वजन १०० ग्रॅमपर्यंत वाचावे.

उंची भिंतीवर खडूने आखलेल्या रेघांवर घेऊ नये. भिंतीला घट्ट बसवलेली पट्टी आणि वरून सरकणारी काटकोनी फळी असलेले स्टेडिओमीटरच वापरावे. टाचा, नितंब आणि पाठ टेकलेली असावी. लठ्ठ मुलाची पाठ आणि टाचा एकाच वेळी टेकत नसतील तर बळजबरीने टेकवू नयेत, नितंब आणि टाचा टेकल्या तरी चालते. डोळ्याची खालची कड आणि कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत येतील अशा रीतीने मान ठेवावी. दोन वेण्या वर बांधून त्यांवर रिबन लावण्याची शाळेची शिस्त या ठिकाणी आपल्या आड येते. रिबन सोडावीच लागते, कारण केसांवर टेकलेली फळी उंची दोन सेंटिमीटरने सहज वाढवते आणि उंचीचा वर्ग होत असल्यामुळे ती चूक पुढे दुप्पट होऊन येते.

बीएमआय आणि तक्ता

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय, म्हणजेच बॉडी मास इंडेक्स, मिळतो. बेल्जियमचे गणिती अडॉल्फ केटेले यांनी हे गुणोत्तर एकोणिसाव्या शतकात मांडले. त्याला आजचे नाव १९७२ मध्ये अँसेल कीज यांच्या शोधनिबंधातून मिळाले. प्रौढांसाठी एकच सीमारेषा चालते, मुलांसाठी चालत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात बीएमआय वाढतो, मग उतरतो, साधारण पाचव्या ते सातव्या वर्षी तळ गाठतो आणि पुन्हा चढू लागतो. त्यामुळे मुलाचा आकडा नेहमी त्याचे वय आणि लिंग यांच्या तक्त्यावरच मांडायचा असतो.

पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरावेत. ५ ते १८ वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, म्हणजेच इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते आहेत. त्यांवर अतिवजन आणि लठ्ठपणा यांच्या दोन रेषा प्रौढ वयातल्या २३ आणि २७ या बीएमआयला जाऊन मिळतात. युरोपीय प्रौढांसाठी रूढ असलेल्या २५ आणि ३० या सीमांपेक्षा त्या खाली ठेवल्या आहेत, कारण आपल्याकडे कमी बीएमआयलाही चरबी अधिक आढळते.

हे पटवून देण्यासाठी मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा दाखला देते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले गेले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हे दोघेही प्रौढ होते, परंतु याज्ञिक यांच्याच पुण्याजवळच्या अभ्यासांत हा फरक नवजात बाळांपर्यंत मागे जाताना दिसला: वजनाने लहान, पण चरबी तुलनेने राखून असलेली बाळे. म्हणून बारीक हातापायांच्या आणि पोट सुटलेल्या मुलाला केवळ बीएमआय तक्त्यात बसतो म्हणून सोडून देऊ नये.

उलट चूकही होते. गोव्यातल्या म्हापशाच्या किंवा मडगावच्या मैदानावर रोज दोन तास फुटबॉल खेळणारा पंधरा-सोळा वर्षांचा बचावपटू अतिवजनाच्या रेषेवर जाऊ शकतो आणि त्याच्या मांडीत चरबीऐवजी स्नायू असतो. वयात येताना मुलांचे स्नायू झपाट्याने वाढतात आणि चरबीची टक्केवारी बहुधा उतरते, तर मुलींची चढते. हे शरीराचे ठरलेले काम आहे, त्यात आजार शोधू नये.

कंबरेचा घेर

पोटाची चरबी दंडाच्या चरबीपेक्षा चयापचयाला अधिक जाचक ठरते, म्हणून टेपला कमी लेखू नये. सर्वांत खालच्या बरगडीची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड दोन्ही बाजूंनी बोटांनी चाचपून त्यांच्या मध्यावर खूण करावी. लठ्ठ मुलात ही हाडे लगेच सापडत नाहीत. घाई न करता, मुलाला बाजूला किंचित वाकायला सांगून शोधावीत. टेप आडवा, त्वचेला लागून परंतु न रुतता ठेवावा आणि मुलाने सहज श्वास सोडल्यावर वाचावा. बहुतेक मुले टेप दिसताच पोट आत घेतात. त्यांच्याशी काहीतरी बोलत राहावे: बालरथात (शाळेच्या बसमध्ये) कुठे बसतोस, घरी कुत्रा आहे का. बोलता बोलता पोट आपोआप सैल पडते.

शिंप्याचा कापडी टेप वापरू नये, तो ताणला जातो आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत आणखी बिघडतो. फायबरचा किंवा पातळ धातूचा टेप घ्यावा आणि तो वर्षातून दोनदा धातूच्या पट्टीशी ताडून पाहावा. घेर भागिले उंची हे गुणोत्तर ०.५ वर गेले की सावध व्हावे. ही सीमा लक्षात ठेवायला सोपी आहे आणि पालकांनाही एका वाक्यात समजते: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी.

कॅलिपर

येथून पुढे खरी कारागिरी सुरू होते, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

त्वचा आणि तिच्याखालची चरबी बोटांनी उचलून जी दुहेरी घडी येते तिची जाडी कॅलिपर मोजतो. चांगल्या कॅलिपरचे जबडे कितीही उघडले तरी दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम एवढाच दाब देतात. हार्पेंडन जातीच्या कॅलिपरवर ०.२ मिलिमीटरपर्यंत वाचता येते आणि त्याचे जबडे ८० मिलिमीटरपर्यंत उघडतात. लठ्ठ मुलांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. स्वस्त प्लास्टिकच्या कॅलिपरमध्ये दाब आपल्या अंगठ्यावर अवलंबून असतो, त्यामुळे तो केवळ सरावासाठी ठेवावा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत धातूच्या स्प्रिंगला गंज चढतो. वापर झाला की कॅलिपर पुसून, सुक्या डब्यात ठेवावा.

मापे शरीराच्या उजव्या बाजूस घ्यावीत. त्वचा कोरडी हवी. खेळाच्या तासानंतर घामेजलेल्या किंवा आईने सकाळी खोबरेल तेल चोळलेल्या दंडावर घडी बोटांतून निसटते आणि माप कमी येते. अशा वेळी सुती रुमालाने टिपून पाच मिनिटे थांबावे.

नवशिक्याने तीन जागा पक्क्या कराव्यात. पहिली जागा दंडाच्या मागे. कोपर काटकोनात दुमडून खांद्याच्या हाडाचे बाहेरचे टोक आणि कोपराचे टोक यांमधील अंतर टेपने मोजावे, मध्यावर पेनाने खूण करावी आणि मग हात सैल सोडायला सांगावे. खुणेच्या सुमारे एक सेंटिमीटर वर अंगठा आणि तर्जनी यांनी उभी घडी उचलावी. दुसरी जागा पाठीवर, फऱ्याच्या (खांद्यामागच्या चपट्या) हाडाच्या खालच्या टोकाच्या लगेच खाली. येथे घडी तिरपी, खाली आणि बाहेरच्या दिशेने साधारण ४५ अंशांत येते. फरा सापडत नसेल तर मुलाला हात पाठीमागे नेऊन मनगट कमरेला लावायला सांगावे, हाडाचे टोक वर उचलून येते. तिसरी जागा पोटरीच्या आतल्या बाजूस. मुलाने पाय स्टुलावर ठेवून गुडघा काटकोनात वाकवावा, पोटरीचा सर्वाधिक घेर शोधावा आणि त्या पातळीवर उभी घडी उचलावी.

घडी उचलताना स्नायू सोबत येत नाही ना, याची खात्री करावी. मुलाला दंड क्षणभर ताठ करायला सांगितले की स्नायू बोटांतून सुटून जातो आणि चरबी हातात राहते. लठ्ठ मुलात घडीच्या दोन्ही बाजू समांतर होत नाहीत, घडी पायथ्याशी रुंद आणि वर निमुळती राहते. अशा वेळी बोटे थोडी अधिक लांब ठेवून घडी पुन्हा उचलावी. तरीही ती नीट येत नसेल तर 'घडी मिळाली नाही' असे लिहावे. दडपून लिहिलेला आकडा पुढच्या खेपेला आपल्यालाच गोत्यात आणतो.

आता जबडे खुणेवर, घडीला काटकोनात आणि घडीच्या निम्म्या खोलीपर्यंत लावावेत, कॅलिपरची मूठ पूर्ण सोडावी, परंतु डाव्या हाताची बोटे घडी धरून ठेवावीत. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक येथे होते: मूठ सोडताना ते घडीही सोडतात. मूठ सुटल्यापासून दोन सेकंदांनी आकडा वाचावा. त्याआधी काटा स्थिरावलेला नसतो, फार उशीर केला तर दाबाखाली चरबीतले पाणी बाजूला सरते आणि आकडा हळूहळू उतरत जातो. एका जागेची तीन मापे लागोपाठ घेऊ नयेत. दंड, पाठ, पोटरी अशी एक फेरी पूर्ण करून मग दुसरी फेरी करावी, म्हणजे दबलेल्या जागेला सावरायला वेळ मिळतो. तीन आकड्यांतला मधला आकडा मी नोंदवते; काही जण सरासरी घेतात. दोन्ही चालते, पण एकच पद्धत कायम ठेवावी.

हात बसला की नाही, हे कळण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. दहा मुलांच्या दंडाची घडी सकाळी एकदा आणि तासाभराने, पहिले आकडे न पाहता, पुन्हा मोजावी. प्रत्येक मुलाच्या दोन मापांतील फरकाचा वर्ग करावा, दहाही वर्गांची बेरीज करून ती २० ने भागावी आणि उत्तराचे वर्गमूळ काढावे. बेरीज १२ आली तर वर्गमूळ ०.७७ मिलिमीटर येते. दहा मुलांची सरासरी घडी २० मिलिमीटर असेल तर ही चूक ३.९ टक्के झाली. ती ५ टक्क्यांच्या आत येईपर्यंत आपले आकडे पालकांना सांगू नयेत, असा माझा नियम आहे. मला स्वतःला तेथवर पोहोचायला जवळजवळ दोन महिने लागले होते आणि पाठीची घडी शेवटपर्यंत नडत होती.

घडीवरून टक्केवारी

मुलांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी सूत्रे स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. दंड आणि पोटरी यांच्या घड्यांची मिलिमीटरमधील बेरीज घ्यावी. मुलग्यांसाठी तिला ०.७३५ ने गुणून १.० मिळवावे, मुलींसाठी ०.६१० ने गुणून ५.१ मिळवावे. दंड आणि पाठ वापरायची असल्यास, बेरीज ३५ मिलिमीटरहून जास्त असताना मुलग्यांसाठी ०.७८३ ने गुणून १.६ आणि मुलींसाठी ०.५४६ ने गुणून ९.७ मिळवावे.

एक नमुना घेऊ. मुलगी बारा वर्षांची, उंची १४९.६ सेंटिमीटर, वजन ६१.४ किलो. बीएमआय २७.४ येतो, तक्त्यावरची लठ्ठपणाची रेषा अठराव्या वर्षी २७ ला पोहोचते आणि बाराव्या वर्षी तिच्याही खाली असते, तेव्हा निदानाबद्दल शंका उरत नाही. कंबर ८४.५ सेंटिमीटर, म्हणजे गुणोत्तर ०.५६. दंडाची घडी २६.८, पोटरीची २४.२, पाठीची २५.० मिलिमीटर. दंड आणि पोटरी यांची बेरीज ५१.०, म्हणून चरबी ३६.२ टक्के. दंड आणि पाठ यांची बेरीज ५१.८, म्हणून चरबी ३८.० टक्के. डॉयरेनबर्ग यांचे १९९१ चे सूत्र नुसत्या बीएमआय, वय आणि लिंग यांवरून अंदाज देते. त्यात हेच आकडे घातले तर ३४.४ टक्के येतात.

एकच मुलगी, एकच सकाळ, तीन उत्तरे. यांतले कोणतेही खोटे नाही. प्रत्येक सूत्र कोणत्या ना कोणत्या मुलांच्या गटावरून बांधलेले आहे आणि ते गट आपल्या मुलांचे नव्हते. त्यात हाताची चूक मिळवा: दोन्ही घड्या प्रत्येकी दोन मिलिमीटर जास्त वाचल्या गेल्या तर बेरीज चारने आणि टक्केवारी २.४ ने वाढते. म्हणून नोंदवहीत टक्केवारीसोबत सूत्राचे नाव आणि मूळ घड्यांचे आकडे लिहिलेच पाहिजेत. ज्या नोंदीत फक्त '३६ टक्के' असते ती पुढच्या माणसाच्या काहीच कामाची नसते. माझे मत विचाराल तर पाठपुराव्यासाठी टक्केवारीपेक्षा घड्यांची निव्वळ बेरीज अधिक प्रामाणिक असते, कारण तिच्यात सूत्राची भेसळ नसते.

किती टक्के म्हणजे जास्त, याची सर्वमान्य सीमा मुलांसाठी नाही. संशोधनात मुलग्यांसाठी २५ आणि मुलींसाठी ३० टक्के या सीमा पुष्कळदा वापरल्या गेल्या आहेत. त्या इशारा म्हणून वापराव्यात, निकाल म्हणून नव्हे.

पायाखालचे यंत्र

व्यायामशाळेत आणि आता बऱ्याच घरांतही दिसणारा चरबी दाखवणारा काटा बायोइम्पीडन्स या तत्त्वावर चालतो. तो शरीरातून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह, बहुधा ५० किलोहर्ट्झचा, सोडतो. पाणी आणि क्षार असलेल्या स्नायूंतून प्रवाह सहज जातो, चरबीतून अडखळतो. म्हणजे यंत्र मुळात पाणी मोजते आणि 'बाकीची चरबी' असे गृहीत धरते. अडचण अशी की चरबी वगळता उरलेल्या शरीरात नवजात बाळात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि ते वयासोबत उतरत प्रौढपणी सुमारे ७३ टक्क्यांवर येते. यंत्रात मुलांचे सूत्र नसेल तर लहान मुलाचे उत्तर चुकीचे येणारच. खरेदीपूर्वी मुलांसाठी किमान वय किती लिहिले आहे ते पाहावे, आणि यंत्र मान्य करीत नाही म्हणून नऊ वर्षांच्या मुलाचे वय अठरा टाकण्याचा जुगाड करू नये. तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.

वेळेची शिस्त येथे सर्वांत महत्त्वाची आहे. आदल्या दिवशी दमछाक करणारा सामना नको, मोजण्याआधी तीन-चार तास खाणे नको, लघवी करून यावे, पाय धुऊन पुसलेले असावेत. गोव्यातल्या बऱ्याच शाळा सकाळी लवकर भरतात, त्यामुळे मधल्या सुट्टीआधीचा पहिला तास मिळवावा. उपाशीपोटी आलेल्या मुलासाठी मात्र मोजमापानंतरचा नाश्ता आपण आधीच ठरवून ठेवावा. मे महिन्याच्या उकाड्यात घाम गाळून आलेल्या मुलाच्या शरीरातले पाणी घटलेले असते आणि यंत्र चरबी वाढवून दाखवते. मुलींच्या मासिक पाळीच्या सुमारास शरीरात पाणी साठते, तेव्हा ते दिवस टाळावेत. हृदयात पेसमेकर किंवा शरीरात विजेवर चालणारे दुसरे उपकरण असलेल्या मुलाला या यंत्रावर उभे करू नये. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात तर कोणतेच माप घेऊ नये: नेवऱ्या, लाडू आणि पाहुणचार यांचा हिशेब यंत्राला लागत नाही आणि त्या दिवसांत मुलाला काट्यावर उभे करणे हे सौजन्यालाही धरून नाही.

मोठी यंत्रे नवशिक्याच्या वाट्याला क्वचित येतात, म्हणून थोडक्यात. डेक्सा दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या क्ष-किरणांनी हाड, चरबी आणि उरलेले मऊ शरीर वेगळे करते. किरणोत्सार अत्यल्प, साधारण एका दिवसाच्या नैसर्गिक किरणोत्साराच्या आसपास असतो. टेबलाला वजनाची मर्यादा असते. बंद कक्षातील हवेचा दाब मोजून शरीराचे आकारमान काढणारी पद्धत बॉइलच्या नियमावर चालते आणि मुलांना पाण्यात बुडवून तोलण्यापेक्षा बरीच सुसह्य आहे. या पद्धती संशोधनासाठी आहेत. नेहमीच्या पाठपुराव्यासाठी मुलाला त्यांच्याकडे पाठवण्याचे कारण नसते.

कोणाला डॉक्टरांकडे पाठवावे

मोजता मोजता डोळेही उघडे ठेवावेत. मानेवर किंवा काखेत काळसर, मखमली, धुतल्याने न जाणारा पट्टा दिसला तर तो मळ समजून मुलाला ओरडू नये. इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. वजन वाढते आहे आणि उंची मात्र थांबली आहे, हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण. जास्त खाण्याने लठ्ठ झालेली मुले वयाच्या मानाने बहुधा उंच असतात. बुटका आणि लठ्ठ असा जोड दिसला की थायरॉइड आणि इतर ग्रंथींच्या तपासणीसाठी पाठवावे. झोपेत घोरणे आणि मध्येच श्वास अडखळणे, गुडघा किंवा कंबर दुखून लंगडणे, सतत तहान आणि रात्री वारंवार लघवी, दम्यासाठी किंवा इतर कारणाने दीर्घकाळ चाललेले स्टिरॉइड यांची चौकशी करावी. अशा मुलाला जवळचे बालरोगतज्ज्ञ, म्हापसा किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय अथवा बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, येथे चिठ्ठी देऊन पाठवावे, आणि चिठ्ठीत आपली मापे तारखेसह लिहावीत.

पुन्हा मोजणे

तीन महिन्यांच्या आत घड्या पुन्हा मोजू नयेत. तेवढ्या काळातला खरा बदल आपल्या हाताच्या चुकीत बुडून जातो. पुढचे माप शक्यतो त्याच व्यक्तीने, त्याच कॅलिपरने, त्याच वेळी घ्यावे.

वरच्या नमुन्यातली मुलगी आठ महिन्यांनी परत आली असे समजू. उंची १५३.१ सेंटिमीटर, वजन ६२.४ किलो. घरी काटा पाहून आई नाराज आहे: गोड पेये बंद केली, संध्याकाळी सायकल सुरू झाली, शीतकडीतल्या शीताचा, म्हणजे भाताचा, ढीग निम्म्यावर आणला, तरी वजन एक किलोने वाढलेच. आता घड्या पाहाव्यात. दंड आणि पोटरी यांची बेरीज ५१.० वरून ४५.० वर आली आहे, सहा मिलिमीटरची ही घट हाताच्या चुकीच्या बाहेरची आहे. त्याच सूत्राने चरबी ३६.२ वरून ३२.६ टक्क्यांवर येते. किलोमध्ये मांडले तर सुमारे २२.२ किलोंवरून २०.३ किलोंवर. चरबी वगळता उरलेले शरीर, म्हणजे वाढलेली हाडे आणि स्नायू, सुमारे ३९.२ वरून ४२.१ किलो झाले आहे. कंबर ८२.० सेंटिमीटर, गुणोत्तर ०.५४.

हे सांगताना टक्केवारी मुलीसमोर उच्चारू नये. आईला कागदावर उंचीची आणि कंबरेची रेघ दाखवावी, वाढलेला किलो उंचीचा आहे हे सांगावे आणि मुलीला सायकल कुठवर नेतेस असे विचारावे. बारा-तेरा वर्षांची मुलगी स्वतःहून आकडा विचारील, तर खोटे बोलू नये. घडीचे मिलिमीटर सांगावेत, कारण मिलिमीटरवरून वर्गात कोणी कोणाला चिडवत नाही. मग नोंदवहीत तारीख, वेळ, कॅलिपरचा क्रमांक, सूत्राचे नाव आणि मोजणाऱ्याची सही लिहून पुढची तारीख द्यावी, आणि ती तारीख चवथीच्या किंवा वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात येत नाही ना, हे दिनदर्शिका उघडून पाहावे.